वेळासला निघण्याआधी

सोलापूर

चि.स अनेक आशीर्वाद.

कासवांच्या कामाला कोकणात वेळासला जाणार आहेस, ऐकून बरं वाटलं. ‘उजनीपलीकडे पाणी न पाहिलेलं पोर समुद्रावर काय दिवे लावणार,’ असं कुणी म्हटलंच असेल. म्हणू देत. नान्नजचा माळ पाहिलेल्याला किनारा लवकर कळतो.

नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. पण मोकळं गवत म्हणजे पडीक रान, हा समज काही सुटला नाही. त्या माळावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावली गेली. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. त्याला लांबवर दिसायला हवं. दाट झाडी त्याच्या काय कामाची? किनाऱ्यावर सुरूच्या झाडांच्या लागवडीचं तेच. भरतीरेषेपर्यंत सुरू आला की कासविणीला खणायला मोकळी वाळू उरत नाही. तेव्हा वृक्षारोपणाचा फोटो काढायला बोलावलं, तर आधी विचार, ‘इथं अंडी कोण घालतं?’ (खाडीतल्या तिवरांची गोष्ट वेगळी, ती तिथलीच.)

आता हातातलं काम. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या एका घरट्यात शंभरेक अंडी सापडतील. खड्डा सुरईसारखा, तोंडाशी अरुंद, खाली रुंद, दीडेक फूट खोल. अंडी तिथून हलवून जपून उबवायला ठेवतात त्या हॅचरीतला खड्डाही तसाच हवा. अंडं जसं असेल तसंच उचलायचं, फिरवायचं नाही. गर्भ लवकरच कवचाला आतून चिकटतो. मग अंडं उलटलं की तो मरतो. उशीर करू नकोस, पहाटेच हलव. वाळूच्या उष्णतेवर नर की मादी ते ठरतं, जास्त तापली तर माद्याच जास्त. म्हणून तापमान वरच्या वाळूचं नको, अंड्यांच्या खोलीवरचं लिही. आणि पिल्लं निघताना मोबाइलचा टॉर्च बंद! ती उजेडाकडे धावतात, मग तो समुद्राकडचा असो की रिसॉर्टचा.

तिथल्या कासवमित्रांचं ऐक. पूर्वी या किनाऱ्यावरची अंडी खाल्ली, विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावाला सोबत घेतलं, तेव्हा चित्र पालटलं. आता पर्यटकांच्या जेवणाखाणाचे चार पैसेही गावात येतात, आणि माझ्या मते कायद्यापेक्षा त्याचाच आधार मोठा. त्या माणसांना वाळूवरचा माग बघून कासव चढलं कुठून, उतरलं कुठून ते कळतं. तुझ्या पदवीचा तिथं बडेजाव नको. खड्ड्याची खोली मात्र दर वेळी स्वतः टेप लावून मोज.

तुझा,
काका