लिआझ-६७७ या सोव्हिएत सिटी बसला ऑटोमॅटिक गिअर होते का? आणि ती इतकं पेट्रोल का प्यायची?

हो, ऑटोमॅटिकच होते. आणि पेट्रोल पिण्यामागे निम्मा हात त्या गिअरचाच.

हिचा कारखाना मॉस्कोच्या पूर्वेला, लिकिनो-दुल्योवो गावात. तिथे आधी १५८ ही साध्या गिअरची बस बनायची. दर थांब्याला क्लच दाबून ड्रायव्हरचा पाय भरून येई. १९६७ पासून निघालेल्या ६७७ मध्ये क्लचचं पेडलच काढून टाकलं. इंजिनामागे टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) आणि पुढे जायला फक्त दोन गिअर. बस जागची हलताना कन्व्हर्टर घसरतो, आतलं तेल नुसतं घुसळून तापतं, आणि तेवढं पेट्रोल वाया जातं. वेग आला की दुसरा गिअर पडतो, मग कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे घसरणं थांबून ताकद थेट पुढे जाते. पण थांबे जवळजवळ असले तर लॉक व्हायची वेळच येत नाही.

उरलेला दोष इंजिनाचा. झिल-३७५, मुळात उराल ट्रकचं: व्ही-८, ७ लिटर, १८० अश्वशक्ती, कार्ब्युरेटरवालं. १०० किलोमीटरला ५० लिटरच्या आसपास, म्हणजे लिटरला जेमतेम दोनचं अ‍ॅव्हरेज!

प्रवाशांना मात्र गाडी उबदार. इंजिन ड्रायव्हरशेजारी, आणि त्याच्या कूलिंगमधली गरम हवा आत सोडलेली. रशियन हिवाळ्यात याची किंमत मोठी. सोबत पेट्रोलचा वास फुकट.

सस्पेंशनला स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला हवेचे बलून होते. गचके बसत नसत, पण मागच्या बाजूला उभं राहिलं की होडीत उभं राहिल्यासारखं डुलायला होई. बलून गळू लागले की बस दारांच्या, म्हणजे उजव्या अंगाला कलायची. चालताना क्रेटमधल्या रिकाम्या बाटल्या किणकिणाव्यात तसा आवाज येई, म्हणून लोक तिला 'बाटलीगाडी' म्हणत. 'गुरांची गाडी' हे दुसरं नाव गर्दीमुळे पडलं: सीट २५, माणसं ११०.

कंडक्टर नसे. पेटीत ५ कोपेक टाकायचे, मूठ फिरवायची, तिकीट आपल्या हाताने फाडून घ्यायचं. पेटीपर्यंत पोचता आलं नाही तर नाणं हातोहात पुढे जाई आणि तिकीट तसंच मागे येई. पेटी पैसे मोजत नसे. लक्ष ठेवायचं ते शेजाऱ्यांनी.

१९९४ पर्यंत अशा सुमारे १,९४,००० बस निघाल्या. नंतरच्या ५२५६ मध्ये इंजिन मागे गेलं आणि डिझेलचं झालं.