भाकऱ्यांच्या पाळीत नाव घालू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. माण तालुक्यातल्या त्या शेतात राबत शिकायच्या लहान कॉलेजात तुझा प्रवेश झाल्याचं आप्पांनी फोनवर सांगितलं आणि लगेच तक्रारही केली. "बाई, शेणच काढायचं आन् भाकरीच थापायची तर माणात कशाला जायचं? घरी गोठा हाय की." मी हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्यामुंबईच्या मुलांना अशा कॉलेजात चार तास शेतात काम म्हणजे अपूर्वाई वाटते. कोरेगावच्या बाजूला आल्याच्या वाफ्यात वाढलेल्या मुलीला त्यात नवं काय?

नवं आहे, आणि ते आधीच नीट ओळखून गेलीस तर तिथली तीन वर्षं कारणी लागतील.

घरी तुझ्या कामाला पाळी नव्हती. दादा दहावीला होता तेव्हा त्याला कुणी हाक मारली नाही. तू दहावीला होतीस तेव्हा पाव्हणे आले की तूच उठलीस. तुझं काम कुठं लिहिलं गेलं नाही, मोजलं गेलं नाही आणि संपलंही नाही. तिथं फळ्यावर नाव लागतं. गोठा, स्वयंपाक, पाणी, रोपवाटिका, संडास-न्हाणी, कोठी. आठवडा बदलला की नाव बदलतं. मुलग्यांची नावंही त्याच फळ्यावर असतात. काम तेच असलं तरी ते पाळीनं येतं, आणि पाळी संपली की तू मोकळी. हा फरक आप्पांना फोनवर पटवता आला नाही, त्यांच्या घरात पाळी कधी नव्हतीच. तुला तो पहिल्याच आठवड्यात कळेल.

आता खरं सांगायचं ते. पहिल्या दिवशी कामं वाटताना कुणीतरी, बहुतेक प्रेमानंच, म्हणेल, "तुला भाकऱ्या येतातच की, तू स्वयंपाकात ये." तिथं नाही म्हण. पहिलं सत्र तरी भाकऱ्यांच्या पाळीत आपणहून नाव घालू नकोस. तुझं नाव क्रमानं येईल तेव्हा कर, चांगली कर. पण "येतं" म्हणून कायमची तिथं बसू नकोस. चाळीस माणसांच्या भाकऱ्या उरकणारी मुलगी सगळ्यांना हवी असते. तिचं कौतुक होतं, आणि कौतुकापोटी ती दुसऱ्या सत्रातही चुलीपुढंच दिसते. पीठ मळायला जो मुलगा घाबरतो त्याला तिथं बसू दे. त्याच्या पहिल्या पन्नास भाकऱ्या तुम्हा सगळ्यांना जाड, वातड खाव्या लागतील. खा.

तू पाणी माग. मोटर, स्टार्टर, पाट, दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत वळवणं. गावाकडं बायका खुरपतात, लावणी करतात, काढणी करतात, पण त्यांना स्टार्टरच्या पेटीला कुणी हात लावू देत नाही, हे तू पाहिलंयस. थ्री फेजमधली एक फेज गेली की मोटर उचलत नाही, नुसती गुरगुरते, आणि तशीच चालू ठेवली तर वायंडिंग जळतं. डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला की आपण खांबाला हात लावायचा नाही, वायरमनला फोन करायचा. ओल्या हातानं पेटी उघडायची नाही. हे शिकायला एक आठवडा पुरतो आणि ते आयुष्यभर उपयोगी पडतं. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला दोघींनी मिळून जायचं, गमबूट घालून, बॅटरी घेऊन. त्या माळावर घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. चपलेवर दारं धरायला गेलीस असं ऐकलं तर आधी मी बोलेन, मग आप्पा.

आणि नुसतं पाणी धरू नकोस, मोज. दोनशे लीटरचं बॅरल पाइपाखाली धर आणि मोबाइलवर सेकंद बघ. समजा ४० सेकंदांत भरलं, तर सेकंदाला ५ लीटर, तासाला १८,००० लीटर. दहा गुंठ्यांवर ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर ५०,००० लीटर लागतात, म्हणजे पावणेतीन तास मोटर. वाटेत पाटात मुरलेलं वेगळं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला ५०० च्या आसपास. अशा ठिकाणी हे गणित ज्याला येतं त्याला बैठकीत बोलायचा अधिकार आपोआप मिळतो. भूगोलाच्या पेपरात पर्जन्यछाया लिहिताना पाच ओळींऐवजी दोन पानं लिहिशील ती वेगळीच.

गोठा तुला येतो. तरी तिथंही एक बघ. तुझ्या आजीसारखी तूही अंगठा दुमडून त्याच्या पेरानं सड दाबून धार काढतेस. त्यानं सडाला आतून इजा होते, दगडी, म्हणजे कास सुजायचा रोग, व्हायचा धोका वाढतो. पूर्ण मुठीनं काढ. धार झाली की वैरण लगेच टाकायची, हे घरीही करता, पण का, ते विचारलंस कधी? धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात म्हैस शेणात बसली तर जंतू आत जातात. पुढ्यात वैरण असली की ती उभी राहते. पान्हा का आटोपतो, अनोळखी हाताला म्हैस दूध का चोरते, यामागं ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक आहे आणि त्याचा जोर काही मिनिटांचाच असतो. जीवशास्त्राच्या सरांना हे गोठ्यातच विचार. लहान कॉलेजात हे जमतं. सर सातला गोठ्यात सापडतात आणि दहाला वर्गात.

आता ज्याची मला काळजी आहे ते. तुला कामाचा त्रास होणार नाही. काम तुला आवडेल, आणि धोका तिथंच आहे. वर्गात सहा-सात जणं असतील. इंग्रजीतून अर्थशास्त्राचं पान समोर येईल, चार ओळी वाचून डोकं जड होईल. त्याच वेळी गोठ्यातून हाक येईल, रेडकू सुटलंय. तू पळशील. सगळे म्हणतील, किती कष्टाळू पोरगी. रात्री अंग दुखेल आणि दिवस भरल्यासारखा वाटेल. पान मात्र तसंच राहील. असे कष्टाळू विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. घाम गाळल्याचं समाधान इतकं पक्कं असतं की वाचन बुडाल्याचं कळतच नाही. म्हशीची धार चुकली तर त्याच दिवशी चहाला दूध नसतं आणि चाळीस जणं विचारतात. पान वाचायचं राहिलं तर कुणी विचारत नाही. ते तिसऱ्या वर्षी कळतं, एमएच्या प्रवेशाला नाहीतर पहिल्या मुलाखतीला.

म्हणून विचारणारं माणूस तूच ठेव. फळ्यावर तुमची नावं लागतात तशी वाचनाचीही पाळी लावा. रोज रात्री जेवणानंतर एकीनं दुसरीला वाचलेलं पान मराठीत सांगायचं, पुस्तक मिटून. सांगता आलं नाही तर वाचलं नाही असं धरायचं. सुरुवातीला लाज वाटेल. आणि अभ्यासाच्या तासाला गोठ्याची हाक आली तर ज्याची पाळी असेल त्याला जाऊ दे. रेडकू तुझ्यावाचून मरत नाही.

तुझ्या आप्पांना कर्मवीरांचं नाव सांगितलं की ते गप्प होतात, म्हणून मी ते काढलं, पण अर्धंच सांगितलं. उरलेलं तुला. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यात काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रही ठेवलं नाही. दर २२ सप्टेंबरला शाळाशाळांत हे सांगतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. भरावेतच. पण त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधत, एका पंगतीला बसत, भांडी घासत, हा भाग भाषणात एका वाक्यात उरकतात. माझ्या मते मोठी गोष्ट ती. आपल्या घरात जे काम दुसऱ्या कुणाचं मानतात, ते आपल्या हातानं करायला लागणं. पाटलाच्या पोराला खरकटं काढायला लागलं, तो त्याचा अभ्यास होता. नांगर त्याला आधीच येत होता. साताऱ्यात १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघालं तेही कमवा आणि शिका यावरच. तुझ्या बाबतीत दुसऱ्याचं मानलेलं काम म्हणजे स्टार्टर, हिशेबाची वही आणि सभेत बोलणं. संडास-न्हाणीची पाळी मात्र सगळ्यांनाच. ती टाळणारे कोण आहेत ते पहिल्या महिन्यात ओळखून ठेव, पुढं उपयोगी पडतं.

असली कॉलेजं फक्त आपल्याकडंच असतात असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात डीप स्प्रिंग्ज नावाचं एक १९१७ पासून आहे. सगळी मिळून पंचवीस-तीस मुलं, आठवड्याला वीस तास काम, गुरं आणि लसूणघास. कुणाला प्रवेश द्यायचा, कोणता प्राध्यापक नेमायचा यातही विद्यार्थी बसतात. मुलींना घ्यायला मात्र त्यांना २०१८ साल उजाडलं, तेव्हा आपण फार मान खाली घालायचं कारण नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच की कामाची वाटणी विद्यार्थ्यांच्या सभेत व्हावी, व्यवस्थापकांच्या खोलीत नाही. तुमच्याकडं सभा होत असेल तर बोल. होत नसेल तर ती व्हावी असं दोघातिघांनी मिळून लिहून दे. एकटीनं देऊ नकोस.

लहान जागेत भांडणंही लहान गोष्टींवरून होतात. खोऱ्याचा दांडा कुणी मोडला, गरम पाणी कुणी संपवलं, कोण कुणाशी बोलतो. चाळीस माणसांत तोंड लपवायला जागा नसते. जिच्याशी सकाळी वाजलं तिच्यासोबतच संध्याकाळी दारं धरायची असतात. त्यात पडू नकोस असं मी म्हणणार नाही, पडशीलच. फक्त भांडण आणि पाळी एकत्र करू नकोस. राग आला म्हणून काम सोडलंस की चूक तुझी होते.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. तासाला काय दर लावतात, तो फीतून वळता करतात की हातात देतात, सुट्टीतल्या कामाचं काय, हे पहिल्या आठवड्यात विचार. आपली स्वतंत्र वही ठेव, तारीख, काम, तास. ऑफिसच्या रजिस्टरशी महिन्याला ताडून बघ. खातं तुझ्या नावावर असावं आणि पासबुक तुझ्याच पेटीत. कष्टाला मोल नसतं असं व्यासपीठावरून म्हणणारा माणूस भेटला की वही अजून नीट लिहायची.

काम करतेस म्हणून शिष्यवृत्ती सोडायची नाही. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म मुदतीतच भर. उत्पन्नाचा दाखला आप्पांना तहसीलमधून आत्ताच काढायला सांगितलाय, डोमिसाइल तुझं आहेच. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते बघ, पुष्कळांचे पैसे तिथंच अडकतात.

सामानात दोन जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घे, दादाचे चालतील. उन्हात पंजाबी ड्रेसपेक्षा तेच बरे. सुती रुमाल, गमबूट, मलम, आणि मी दिलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश. तो जड आहे म्हणून ठेवून जाऊ नकोस, मोबाइलला तिथं रेंज येते-जाते. पुसेगावपर्यंत आप्पा सोडतील. पुढं दहिवडीची एसटी मिळते, दुपारची चुकवू नकोस, नाहीतर कॉलेजात पोचायला रात्र होते.

पहिल्या पत्रात ख्यालीखुशाली नको, आई ती फोनवर विचारेलच. मला तुमच्या मोटरला बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते कळव, आणि त्या आठवड्यात पुस्तक मिटून कोणतं पान सांगितलंस तेही.

तुझी,
बाई