श्रावणात द्राक्षं तोडू नकोस

नाशिक, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

प्रिय पोरी,

तुझ्या रहस्यकादंबरीचं बाड मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पेन्सिल बरीच झिजली आहे, पण घाबरू नकोस. न आवडलेल्या लिखाणावर मी पेन्सिल झिजवत नाही, सरळ परत पाठवते.

आधी हसून घेते. तुझा पहिला खून श्रावणात होतो, दिंडोरीजवळच्या वाइनरीत, द्राक्षतोडणी ऐन भरात असताना. अगं, श्रावणात आमच्याकडे घड कुठला? ती तोडणी तू फ्रान्सातून उचललीस. नाशकात एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, मग काही आठवड्यांनी मण्यांत पाणी उतरतं, म्हणजे ते पिकायला लागतात, आणि जानेवारी ते मार्च तोडणी चालते. श्रावणात बागेत असतो नुसता पाला, चिखल आणि डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने आभाळाकडे बघत फवारणीची तयारी करणारा मालक. निफाडचा वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल. ज्या बाईला द्राक्ष कधी पिकतं ते माहीत नाही, तिला खुनी कोण ते माहीत असेल यावर तो कशाला विश्वास ठेवेल?

खून फेब्रुवारीत आण. तुझाच फायदा आहे. उन्हात घड तापू नयेत म्हणून वाइनची द्राक्षं पहाटे, अंधारातच तोडायला घेतात. कपाळाला दिवे बांधलेली माणसं, क्रेट भरल्याचे आवाज, थंडी, आणि शेडमध्ये रात्रभर आंबत असलेल्या रसाचा वास. अंधार, गर्दी, एकमेकांचे चेहरे न दिसणं, हे सगळं तुला फुकटात मिळतं आहे.

आता नायिका. तिला वाइन आवडते, हे तू पहिल्या चार प्रकरणांत नऊ वेळा सांगितलंस. मी मोजलं. पण त्या आवडीने गोष्टीत एकदाही काही घडत नाही. तिच्या हातातला पेला काढून चहाचा कप दिला तरी तुझं कथानक जसंच्या तसं चालेल. म्हणजे ती आवड दागिना झाली. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकीचं पत्र त्याचाच पसारा आहे: तिची आवड ही तिची जाणण्याची रीत झाली पाहिजे. तिच्यामुळेच ती खुन्यापर्यंत पोचावी, आणि तिच्यामुळेच आधी एकदा सपशेल फसावी.

नाकापासून सुरू करू. तुझी नायिका पेला हुंगते आणि म्हणते, चेरी, तंबाखू आणि देवदार. बाई सटाण्याची आहे ना? तिने देवदार हुंगला कुठे? बाटलीच्या पाठीवरचा मजकूर तिच्या तोंडी घालू नकोस. तिला करवंद दे, जांभूळ दे, गुळाच्या ढेपेचा वास दे, तव्यावर किंचित जळालेलं जिरं दे. सोव्हिन्यॉन ब्लाँ ही पांढरी वाइन हुंगून ती म्हणू दे, ढोबळी मिरची चिरल्यासारखं वाटतंय. ते खरंही आहे, त्या वाइनमध्ये आणि ढोबळी मिरचीत वासाची द्रव्यं एकाच कुळातली असतात. बिघडलेल्या वाइनचे वास तर तुझ्यासाठी खजिनाच आहेत. खराब बुचाची वाइन भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी येते, हवा लागलेली वाइन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी. गंधक जास्त झालं की नुकत्याच विझवलेल्या काडीचा वास. शिर्क्याकडे झुकलेली वाइन कधीकधी थेट नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखी येते.

मी अकरा वर्षं एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे शिकलेली एक गोष्ट रहस्यकथेला फार उपयोगी आहे. एकाच वासात काही मिनिटं राहिलं की नाक तो वास विसरतं. शेडमध्ये दिवसभर वावरणाऱ्या माणसाला शेडचा वास येत नाही. बाहेरून आलेल्याला पहिल्या श्वासात येतो. पोलिसांना सोडून हौशी बाईच का, हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो. तुझं उत्तर इथे आहे. ती बाहेरची आहे, आणि तिचं नाक ताजं आहे.

पण जादू नको. सहाव्या प्रकरणात ती एका घोटात वर्ष, गाव आणि टेकडीची बाजू सांगते, तिथे मी पान उलटं ठेवून स्वयंपाकघरात गेले. 1976 साली पॅरिसमध्ये बाटल्या झाकून चाचणी झाली होती. परीक्षक फ्रेंच, नामवंत. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रान्सच्या समजून नावाजल्या आणि लाल आणि पांढऱ्या, दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली आली. त्यांची ही गत, तर तुझ्या नायिकेने कधीतरी चुकावं की नाही?

खरा शोध जिभेने क्वचितच लागतो. या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा हौशी गुप्तहेर फ्रान्सच्या बर्गंडीतला एक वाइनवाला आहे, लॉरां पोंसो. 2008च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्या घराण्याच्या जुन्या बाटल्या विकायला निघाल्या. क्लो सां-दनी या मळ्याच्या, 1945 पासून 1971 पर्यंतच्या. पोंसो घराण्याने त्या मळ्याची वाइन करायला सुरुवातच केली होती 1982 साली. गडी विमानात बसला, थेट लिलावाला जाऊन हजर झाला आणि त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. मग त्या आणल्या कुणी, हे तो आपल्या खर्चाने आणि चिकाटीने शोधत राहिला. बाटल्या रूडी कुर्नियावान नावाच्या तरुण संग्राहकाकडून आल्या होत्या. 2012च्या मार्चमध्ये एफबीआयने त्याला पकडलं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घरात लेबलांचे गठ्ठे, बुचं आणि शिक्के सापडले. 2014 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली.

यात एक थेंबही चाखावा लागला नाही, हे बघ. एक आकडा दुसऱ्या आकड्याशी जुळेना, एवढंच. आणि तो न जुळणारा आकडा ज्याला आपल्या मळ्याबद्दल माया आहे त्यालाच दिसला. लिलावाच्या दालनात पैसेवाले आणि जाणकार कमी नव्हते. ही माया तुझ्या नायिकेत घाल. विज्ञान हवं असेल तर तेही आहे. अणुबाँबच्या आधी, म्हणजे 1945 पूर्वी, सीझियम-137 हे किरणोत्सारी द्रव्य हवेत नव्हतंच. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून विकलेली बाटली खोटी आहे का, ते न उघडताही बाहेरून मोजणी करून कळू शकतं. पण ते यंत्र सटाण्याच्या बाईच्या आवाक्यातलं नाही, तेव्हा ते सोड.

विषाबद्दल. तू टाकीत विष कालवलंस. ही चूक मीही केली आहे. माझ्या पहिल्या कथेत, दिवाळी अंकात, खलनायक रात्री येऊन दहा हजार लिटरच्या टाकीत पुडी सोडतो. अंक बाहेर पडल्यावर एका द्राक्षबागायतदाराचं कार्ड आलं: बाई, पुडी होती की पोतं? मी हिशेब केला आणि शरमले. 150 मिलीच्या एका पेल्याला चिमूटभर लागत असेल, तर त्या टाकीला सहासष्ट हजारांवर चिमटी लागतील.

आणि वाइनरीत मारायला विष हवंच कशाला? साखरेची दारू होताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. पिकलेल्या द्राक्षाच्या एका लिटर रसातून पन्नास-साठ लिटर वायू. पाच हजार लिटरची टाकी धर आणि गुणाकार कर. वायू दिसत नाही. हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो, टाकीत, खड्ड्यात, तळघराच्या शेवटच्या पायरीवर. लाल वाइन काढून घेतल्यावर टाकीच्या तळाशी सालींचा चोथा राहतो. तो ओढायला माणूस आत उतरतो आणि नीट हवा खेळवलेली नसेल तर दोन श्वासांत खाली बसतो. मग वरचा त्याला वाचवायला उतरतो. आपल्याकडे विहिरींत हेच होत आलं आहे. बातमी वाच कुठलीही, एक नसतो, दोन-तीन असतात.

याच्यात तुझी अख्खी कादंबरी आहे, आणि ती तुला दिसली नाही म्हणून मला तुझा राग आला. चोथ्याच्या टाकीत एक माणूस मेलेला आहे. दुसरा सांगतो, मी ताबडतोब आत उडी घेतली, त्याला धरून हलवलं, पण तो गेला होता. सगळं गाव त्याचं कौतुक करतं. फक्त तुझी नायिका, जिने एकदा टाकीच्या तोंडाशी वाकून नाकात सणसणीत झिणझिणी अनुभवली आहे, रात्री अंथरुणात उठून बसते: उडी घेतली होती, तर हा जिवंत कसा?

आता तो माणूस कोण, हे ठरव. मी असते तर तिला सर्वांत आवडणारी वाइन जो बनवतो, तोच घेतला असता. ज्याने तिला पेला कसा धरायचा ते शिकवलं. तिने आधी दोनशे पानं दुसऱ्याच कुणावर संशय घ्यावा, तोही अशा एखाद्या कारणावरून की त्याची वाइन आंबट आणि उर्मट आहे. चांगली वाइन करणारा चांगलाच असणार, असं आपण सगळेच मनातल्या मनात धरून चालतो. गायकांबद्दलही धरतो, कीर्तनकारांबद्दलही.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. बाटलीच्या तळाशी ती चमकणारे कण बघते आणि काच म्हणून किंचाळते, हे छान आहे, ठेव. पण ते थंडीने बसलेले टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे निघू देत, वाचक एकदा हकनाक धावेल. तिसऱ्या पेल्यानंतर रात्री अकराला तिला कोडं सुटतं, ते काढ. तीन पेल्यांनंतर माणसाला फक्त आपण हुशार आहोत असं वाटतं. चाखणारे लोक थुंकतात, शेजारी पिकदाणीसारखं भांडं असतं. नायिकेच्या सटाण्याच्या सासूबाईंना ते दृश्य बघू दे, विनोद आपोआप होईल. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, व्हिसेरा राखून ठेवतात आणि त्याचा अहवाल यायला महिनेही लागू शकतात. ते महिने तुझ्या नायिकेचे. तुझे फौजदार मूर्ख आहेत, तेवढे नकोत. त्यांच्याकडे आणखी चाळीस कागद आहेत, एवढं पुरे.

आणि सासूबाई निघाल्याच आहेत तर, नायिकेच्या पिण्याचं काय? तू तिला पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत बसवलंस, कुणी काही बोलतच नाही. 2022च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर घराघरांत जुंपली होती, आठवतं ना? ज्या घरचे द्राक्षं विकतात त्याच घरची सून पेला हातात घेते, तेव्हा काय होतं ते लिही. माझ्या ओळखीच्या एका बाईंची बाटली साबुदाण्याच्या डब्यामागे असायची. चतुर्थीला तो डबा निघायचा, म्हणून आदल्या रात्री बाटली तांदळाच्या कणगीत. अशा बाईला लपवणं कळतं. दुसऱ्याने काय कुठे लपवलं असेल, ते तिला फौजदाराच्या आधी सुचेल.

पुढचं लिहिण्याआधी इकडे ये. मार्च संपला की तोडणी संपली, मग वर्षभर वाट बघावी लागेल. माझ्या जुन्या शेडमध्ये अजून दोघेजण मला ओळखतात, आत सोडतील. पहाटे पाचला निघू, स्वेटर आण. टाकीच्या तोंडाशी मी सांगेन तेवढंच वाकायचं. आणि हो, परफ्यूम लावून येऊ नकोस.

तुझी,
मावशी