नेमप्लेट आणि मखरासाठी स्क्रोल सॉ घेताय? आधी ब्लेड ओवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बोरिवलीचा टू बीएचके, बाल्कनी हेच वर्कशॉप, करायच्यात लाकडी नेमप्लेट आणि गणपतीची मखरं, तर आदर्श स्क्रोल सॉमधे (बारीक ब्लेड वरखाली करून नक्षी कापणारी विजेची करवत) काय काय असावं, १६ इंची पुरेल की २० इंची, पिनवाली ब्लेड (टोकांना आडवी पिन असते ती) की बिनपिनची, आणि मेहुणे अमेरिकेतून येताना डीवॉल्टची ७८८ घेऊन येतो म्हणतायत तर आणू द्यावी का. या प्रश्नावर बऱ्याच जणांनी थ्रोट (ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर, १६ इंची-२० इंची म्हणतात ते) आणि मोटरचे वॅट यावरच लिहिलंय. ते चूक नाही, पण तुमच्या कामाला ते पहिलं नाही.

तुमचं काम बघा ना. देवनागरी नेमप्लेटमधे वरच्या रेघेमुळे अख्खं नाव एका तुकड्यात राहतं, हा आपल्याला इंग्रजी अक्षरांपेक्षा मोठा फायदा, पण त्याच रेघेमुळे पोटं बंद होतात. साधं 'पाटील' घेतलं तरी प चं पोट आणि वेलांटीच्या खालची जागा, दोन्ही आतून कापायच्या. कुलकर्णी असले तर दोन क आले, वेलांटी आली, रफार तुम्ही कसा काढता त्यावर आणखी एखादं. आणि मखराची जाळी म्हणजे तर सगळंच आतलं काम. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून प्लाय आणि एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) जाळीला मागणी आहेच, त्यामुळे तुम्ही विचार केलाय तो बरोबर आहे.

आता प्रत्येक आतल्या कापाला काय करावं लागतं ते सांगतो. बंद जागेत आधी ड्रिलने भोक पाडून ठेवायचं. मग मशीन बंद, टेन्शन (ब्लेडचा ताण) सोडा, वरचा क्लॅम्प (ब्लेडचं टोक धरणारी पकड) सोडा, फळी उचलून पुढच्या भोकावर आणा, ब्लेड त्यातून ओवा, परत क्लॅम्प, परत टेन्शन, चालू. चांगल्या मशीनवर हात बसला की हे सगळं १५ सेकंदात होतं, आणि ॲलन की शोधत बसायला लावणाऱ्या मशीनवर दोन मिनिटं कुठे गेली कळत नाही. जाळीत १५० भोकं धरा. एकीकडे जेमतेम ४० मिनिटं, दुसरीकडे पाच तास, आणि यात कापायचा वेळ धरलेलाच नाही! म्हणून मी म्हणतो की आदर्श मशीन कुठली हे क्लॅम्प ठरवतो, मोटर नाही. ७८८ सारखी नावाजलेली मशीनसुद्धा १.३ अँपिअरवर चालते, म्हणजे दीडशेच्या आसपास वॅट, तेव्हा खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटला भुलू नका.

क्लॅम्प हाताने फिरवायचा हवा, पान्याशिवाय. टेन्शनचा खटका पुढच्या बाजूला हवा, मागे हात घालून वाकावं लागलं की तासाभरात कंबर बोलायला लागते. आणि तिसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत ती म्हणजे वरचा आर्म वर उचलला जातो का आणि उचलल्यावर तिथेच थांबतो का. थांबत असेल (एक्सकॅलिबर कंपनीच्या २१ इंची मशीनमधे थांबतो) तर ब्लेड खालच्या क्लॅम्पमधे तशीच ठेवून फळी वरून तिच्यावर उतरवता येते. भोक वरून दिसतं, ब्लेडचं टोक दिसतं, सुई ओवल्यासारखं सरळ काम. नाहीतर फळीखाली अंदाजाने चाचपडत बसा, आणि मोठी जाळी असेल तर एका हाताने ती सावरत.

पिनवाली ब्लेड नेमप्लेटला चालेलही, जाळीला अजिबात नाही. पिन आत जायला ५ मिलिमीटरच्या आसपास भोक पाडावं लागतं, वेलांटीखालच्या निमुळत्या कोपऱ्यात तेवढी जागाच नसते. बिनपिनची ५ नंबरची ब्लेड साधारण १ मिलिमीटर रुंद असते, दीड मिलिमीटरच्या ड्रिलमधून आरामात जाते. त्यामुळे फक्त पिनवाली घेणारी मशीन कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा, दोन्ही घेणारी असेल तर बिनपिनचा क्लॅम्प दुकानातच लावून बघा कारण स्वस्त मशीनमधे तो अडॅप्टर म्हणून नंतर चिकटवलेला असतो आणि ब्लेड त्यातून सटकते.

यानंतर नंबर थरथरीचा. सी-आर्म, पॅरलल आर्म आणि पॅरलल लिंक असे तीन प्रकार मुख्य. सी-आर्ममधे ब्लेड किंचित कमानीत पुढेमागे होते, भराभर कापते पण टोकदार कोपऱ्यात वरचा आणि खालचा काप जुळत नाही. पॅरलल लिंकमधे (७८८ त्यातलीच) लांब आर्म हलतच नाहीत, पुढचे छोटे लिव्हर तेवढे हलतात, म्हणून थरथर कमी. आपल्याकडे कमी थरथर ही चैन नव्हे, गरज आहे, खालच्या मजल्यावरच्या काकांची दुपारची झोप हा तांत्रिक मुद्दा आहे. वजनदार ओतीव बेस, जाड टेबलाला बोल्ट, पायाखाली जाड रबर, एवढं केलं तर बाल्कनीत सहज चालतं. हलकं मशीन प्लास्टिकच्या टेबलावर ठेवून चालवलं तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव आलंच म्हणून समजा.

दुकानात जाल तेव्हा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात बघा, एक-दोन ठिकाणी चालू करून दाखवतात, दहा रुपयाचं नाणं मशीनच्या टेबलावर उभं ठेवा आणि स्पीड हळूहळू वाढवा. पडलं तर कुठल्या स्पीडला पडलं ते लक्षात ठेवा. मग प्लग काढून हाताने मोटर फिरवा आणि ब्लेडकडे समोरून बघा, डावी-उजवीकडे हलता कामा नये. बाजूने बघितलं तर थोडी पुढेमागे होणारच, ते चालतं. ब्लेड ताणून बोटाने छेडा, खणखणीत उंच सूर यायला हवा, भदभद आवाज म्हणजे टेन्शन धरत नाहीये. गुण्या सोबत न्या, टेबल ब्लेडशी काटकोनात येतं का बघा, टेबलावरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, महागड्या मशीनचीही ती नुसती शोभेला असते.

स्पीड कमी-जास्त करायची सोय हवीच. ७८८ मधे मिनिटाला ४०० ते १७५० स्ट्रोक आहेत, तेवढी रेंज भरपूर झाली. पुढे कोणी ॲक्रिलिकची नेमप्लेट मागितलीच तर जास्त स्पीडला ते वितळून ब्लेडच्या मागे परत चिकटतं, तिथे हळू चालवावं लागतं आणि वरून पॅकिंग टेप लावायची. सागवानालाही लावा, काप करपत नाही.

थ्रोटचं म्हणाल तर १६ इंच पुरे, दोन फुटी नेमप्लेट फिरवताना मागे आपटेल तेव्हा स्पायरल ब्लेड लावायची, ती सगळ्या बाजूंनी कापते त्यामुळे फळी फिरवावी लागत नाही, कड मात्र खरबरीत येते, पॉलिश पेपर घासायची तयारी ठेवा. टेबल तिरकं होण्यापेक्षा आर्म तिरका होणारी मशीन छान, फळी आडवीच राहते, पण तुमच्या कामात तिरका काप येतोच कुठे, त्यासाठी पैसे घालवू नका. भुसा उडवणारी फुंकणी हवी, रेघ दिसायला. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, मास्क लावा. फळी दाबून ठेवणारा पाय बहुतेक जण काढूनच टाकतात, मीही. फूट स्विच (पायाने दाबायचा) वेगळा घेतला तरी चालतो, फक्त मशीनचा स्वतःचा स्विच चालू स्थितीत टिकून राहणारा हवा, इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर प्लगमधे फूट स्विच लावून उपयोग नाही.

ओतीव लोखंडी टेबल असेल तर जूनच्या आधी मेण चोळून ठेवा, आपल्या हवेत आठवड्यात तांबूस होतं.

आणि एक, नवीन मशीनवर सरळ रेघ कापताना काप उजवीकडे ओढला गेला तर मशीन परत करायला धावू नका. बऱ्याचशा ब्लेडला बनवतानाच एका बाजूला बारीक धार राहते, म्हणून ओढते. फळी जरा तिरकी धरून सरकवायची, हाताला सवय होते.

आता मेहुण्यांचं. अमेरिकन ७८८ म्हणजे १२० व्होल्ट, इथे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आलाच, तोही जागा खाणार, आणि वॉरंटी इथे कोण विचारतंय. शिवाय मशीनच २५ किलोच्या वर, विमानात एका बॅगेला साधारण २३ किलोच चालतात. इथेच २३० व्होल्टची १६ इंची बघा, वरचा क्लॅम्प पान्याशिवाय सुटणारी. मेहुण्यांना ब्लेड आणायला सांगा, ५ इंची, बिनपिनच्या, रिव्हर्स टूथ, ३, ५ आणि ७ नंबरच्या काही डझन. प्लाय आणि एमडीएफमधल्या गोंदाने ब्लेड पटापट बोथट होतात, जास्तच आणू देत. रिव्हर्स टूथच सांगा कारण खालचे काही दात उलटे असतात, त्यामुळे प्लायची खालची बाजू फाटत नाही. चेक-इन बॅगेतून आणायला सांगा, हँडबॅगेत काढून घेतील.