वैमानिकांच्या युनियनने आणलेला करार मतदानात मान्य करावा की फेटाळावा?

प्रश्नात लिहिलंय की धाकटा भाऊ अमेरिकेत एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, युनियनने कंपनीशी ठरवलेला करार आता सभासदांच्या मतदानाला आलाय, निम्मे 'घेऊन टाका' म्हणतात, निम्मे 'परत पाठवा', आणि आपल्याकडे युनियनमध्ये काम केलेल्या कुणीतरी सांगावं.

मी केलंय. विमानाशी संबंध दोनदा प्रवास केला एवढाच, पण रबाळे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टूलरूमला २१ वर्षं काढली, त्यातली नऊ कमिटीत. भावाला पहिली गोष्ट सांगा, पगारवाढीचं पान शेवटी वाच. आकडा बघून हात वर करणारा गाढव असतो. मी ३८० जणांना असं गाढव बनवलंय, म्हणून अधिकाराने सांगतो.

साल १९९७. मागणीपत्रक देऊन चौदा महिने झाले होते. अकरा बैठका, दोनदा टूल डाउन (हत्यारं खाली, काम बंद), एकदा काळ्या फिती. शेवटी साडेतीन वर्षांसाठी दरमहा १,३५० रुपये वाढ आणि वर एरिअर्स. आमच्या आजूबाजूच्या गेटांवर तेव्हा एवढा आकडा कुणी आणला नव्हता, आणि ह्याचा अभिमान मला आजही आहे.

करार इंग्रजीत, बावीस पानांचा. मी तो घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. बावीस पानं गुणिले ३८० माणसं, हिशोब करून बघा. युनियनच्या खात्यात वर्गणीचे असे किती पैसे असणार? तेव्हा मी फक्त तिसरं पान काढलं, आकड्यांचं. चाळीस प्रती. एक नोटीस बोर्डाला, बाकीच्या डिपार्टमेंटवार वाटल्या.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला, पहिली पाळी सुटताना आणि दुसरी आत जाताना, गेट मीटिंग. कॅन्टीनचं टेबल बाहेर आणलेलं, त्यावर आम्ही तिघं उभे, टेबलाचा एक पाय डगडगतोय म्हणून खाली कुणीतरी विटेचा तुकडा सारतोय. अध्यक्षांनी आकडा सांगितला, शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात पेंट शॉपच्या घोळक्यातून आमचे साडू ओरडले, "कलम अकरा वाचा!" (साडूंना त्या कंपनीत मीच चिकटवलं होतं, हे ते सोयीस्कर विसरतात.) मी माइक घेतला आणि म्हणालो, "साडूभाऊ, रात्री जेवायला या, ताटावर वाचून दाखवतो." लोक हसले. हात वर झाले. पाच-सहा नसतील झाले. पंधरवड्यात ठाण्याला कामगार उपायुक्तांसमोर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) खाली सह्या झाल्या, म्हणजे हात वर न करणारेही बांधले गेले.

कलम अकरा एका वाक्याचं होतं. पॅकिंग, मटेरियल हँडलिंग आणि 'व्यवस्थापनास आवश्यक वाटतील अशी पूरक कामे' कंत्राटी पद्धतीने करून घ्यायला युनियनची हरकत नाही. तीन वर्षांत पेंट शॉप 'पूरक' झालं. साडू व्हीआरएस घेऊन घणसोलीला किराणा दुकान टाकून बसले. तेव्हापासून घरातलं लग्न असो की बारसं, मी दारात आलो की म्हणतात, "या, कलम अकरा."

वैमानिकांच्या करारात ह्या कलमाला स्कोप म्हणतात. कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या रंगात उडणारी किती विमानं, केवढी विमानं, बाहेरच्या प्रादेशिक कंपनीचे स्वस्तातले वैमानिक चालवू शकतात, ते त्यात असतं. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड ह्या तिघांकडे ती हद्द ७६ आसनांची आहे. ती वर सरकली की पेंट शॉप गेलं समजा. दुसरं कलम नव्या भरतीचं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८३ मध्ये बी-स्केल आणलं. आधीचे लोक जुन्या दराने आणि नंतर येणारे त्याच कॉकपिटात कमी दराने. जे अजून नोकरीला लागलेच नाहीत त्यांना मत कुठून असणार? आणि वैमानिकाने कंपनी बदलली तर सीनियॉरिटी बरोबर येत नाही, नव्या यादीत तळापासून सुरुवात. म्हणजे भाऊ तरुण असेल तर ह्या कागदाची शेपूट त्याच्यामागे पासष्टीपर्यंत राहणार आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या कॅप्टनचा सल्ला त्याने घेऊच नये.

आता फेटाळावा का? साडूंचं म्हणणं, तेव्हा फेटाळला असता तर कलम अकरा गळून पडलं असतं. साफ चूक. फेटाळलेला करार सुधारून परत येतो तो समोरच्याला गरज असेल तरच. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनायटेडच्या वैमानिकांनी ९४ टक्क्यांनी करार नाकारला. तेव्हा वैमानिकांची टंचाई होती. चार महिन्यांनी डेल्टात चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मंजूर झाला, मग युनायटेडला मागे राहणं परवडणार नव्हतं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे नवा करार ८२ टक्क्यांनी पास झाला. हे उदाहरण सगळे छाती फुगवून देतात. त्याच वर्षी जुलैत फेडेक्स ह्या मालवाहू कंपनीच्या वैमानिकांनी ५७ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं, तेव्हा मालवाहतूक घसरलेली होती. दोन वर्षं उलटली तरी त्यांच्या हाती नवा करार पडला नव्हता. १९९७ ची आमची कंपनी फेडेक्ससारखी होती. मालकाने सिल्वासाला कर-सवलतीत शेड आधीच घेऊन ठेवली होती. साडूंना हे माहीत असायचं कारण नाही, ते कमिटीत नव्हते.

आणि माझं घर गिरणीतलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो, वडील परळच्या गिरणीत. अडीच लाख माणसं बाहेर. कायद्याने करार करायचा हक्क ज्या युनियनला, तिला कामगार मानत नव्हते. आणि संपाचे नेते म्हणून ज्या डॉक्टर दत्ता सामंतांना मानत होते, त्यांच्याशी बोलायला मालक बांधील नव्हते. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. वडील पुढे कळव्याला एका सोसायटीत वॉचमन झाले. अशा घरातला मुलगा टेबलावर उभा राहून 'फेटाळा' म्हणत नाही. साडूंचे वडील शिक्षक होते.

अमेरिकेत एक बरं आहे. 'नाही' म्हटलं म्हणून उद्या कुणी रस्त्यावर येत नाही. रेल्वे कामगारांचा १९२६ चा कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. त्यात मुदत उलटली तरी जुना करार चालूच राहतो, आणि सरकारी मध्यस्थ मंडळाने दोन्ही बाजूंना बोलणीतून मोकळं सोडल्यावर आणखी तीस दिवस गेल्याखेरीज ना संप, ना टाळेबंदी. किंमत मोजायची ती जुन्या पगारावर थांबून राहण्याची. म्हणून भावाने 'परत पाठवा' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं, परत पाठवून नेमकं कोणतं कलम बदलून हवंय, आणि कंपनी ते का देईल? 'आणखी जास्त' एवढंच उत्तर आलं तर मत 'हो'ला द्यावं.

त्या बावीस पानांची माझी प्रत अजून कपाटात आहे. दिवाळीत साफसफाई करताना सापडली. कलम अकराच्या शेजारी पेन्सिलची खूण आहे, माझ्याच हातची, बैठकीच्या वेळची. म्हणजे झेरॉक्सवाल्याकडे उभा होतो तेव्हा मला ते पान माहीत होतं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, ताईच्या घरी नेऊ नका.

ता. क. स्कोप आणि नव्या भरतीच्या कलमांना हात लावलेला नसेल, तर माझं वरचं अर्धं लिखाण भावाच्या कामाचं नाही. पूर्ण मसुदा त्याच्या हातात असेल, सारांशावर भागवू नये म्हणावं. आणि मत देच म्हणावं. युनायटेडमध्ये २०२३ ला ९७ टक्के वैमानिकांनी दिलं होतं. आमच्या गेटवर त्या दिवशी हात मोजलेच नाहीत.