ऑलिम्पिक खेळून पुढे कॉलेजचा कोच झालेला व्हॉलीबॉलपटू कोण?

माझं उत्तर: अमेरिकेचा डेन ब्लँटन. पेपरडाइन विद्यापीठाच्या संघातून तो 1992 मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि नंतर वाळूवर, म्हणजे बीच व्हॉलीबॉलकडे वळला. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये बोंडाय किनाऱ्यावर एरिक फोनोइमोआनाच्या जोडीने त्याने ब्राझीलच्या जोडीला हरवून सुवर्ण जिंकलं. 2004 ला अथेन्सलाही खेळला, पण पदक नाही.

खरी गंमत पुढे आहे. 2019 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या महिला बीच संघाची सूत्रं त्याच्याकडे आली आणि 2021 ते 2024 असं सलग चार वर्षं या पोरींनी राष्ट्रीय विजेतेपद सोडलंच नाही! मोठा खेळाडू चांगला कोच होतोच असं नाही, हा झाला.