दागिन्यांच्या शंका : साजात माणिक-पाचू

प्रश्न : आजेसासूबाईंचा कोल्हापुरी साज (सोन्याच्या छोट्या पानांचा हार) माझ्याकडे आला आहे. पाने एकोणीसच आहेत, माणिक-पाचूची नाहीत. आहेत त्यांतल्याच दोन पानांवर खडे बसवता येतील का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बसवता येतील, पण बसवू नका. परंपरेने साजाची पाने २१ : दशावताराची १०, अष्टमंगळाची ८, माणिक-पाचूची २ आणि डोरलं. तुमच्याकडे नेमकी ती दोनच कमी आहेत, तेव्हा ती नवी करून घ्या.

कारण लाख. जुनं पान म्हणजे पातळ पत्रा, आत लाख भरलेली. खड्याचं घर (खडा बसतो ती वाटी) त्यावर जोडायला डाग द्यावा लागतो, म्हणजे आच देऊन सांधावं लागतं. त्याला सातशे अंशांच्या वर आच लागते, लाख तर शंभराच्या आतच मऊ पडते. मग ती सांध्यातून बाहेर येते, पान पोकळ होतं आणि बोटाने दाबलं तरी चेपतं. लाख काढून, डाग देऊन पुन्हा भरता येते; पण त्या खटाटोपात मासा-कासवाची नक्षी दबण्याची भीती असते.

गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) जाताना साज सोबत न्या. पानाची उंची आणि कडीचं भोक त्यावरूनच ठरतं. खडे गोल, बिनपैलू, सपाट बुडाचे घ्या. ४ मि.मी.च्या खड्याला घर आतून ४.१ मि.मी. हवं. सैल झालं तर खडा खुळखुळतो, घट्ट झालं तर काठ दाबताना पाचू तडकतो.

क्रम महत्त्वाचा : आधी घर आणि कडी जोडणं, मग तेजाबात (आम्लात) धुणं, मग पॉलिश, खडा सर्वांत शेवटी. बहुतेक पाचूंना तेल दिलेलं असतं, आच लागली की ते सुकून चिरा उघड्या पडतात. स्वस्त माणकांत काच भरलेली असते, ती तेजाबात झिजते. घेतानाच विचारा.

बिलात खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्या (५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम). शेवटी सगळा साज नव्याने गाठवा. जुन्या तारेत नवी पाने ओवू नका.

प्रश्न : नथीतला लाल खडा निखळला. घरीच गमाने चिकटवू?

उत्तर : नको. झटपट गम ठिसूळ होतो, शेजारच्या मोत्यांवर पांढरा थर धरतो, आणि तो काढायला ॲसिटोन लावला की मोत्याची झळाळी जाते. खडा डबीत ठेवा, घराचा काठ सोनाराकडून दाबून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.